सोयरिकीआधी रिपोर्ट दोघांचाही

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीतल्या विहारात रक्ततपासणीचे शिबिर होते. तपासून झाल्यावर लोक पांगले, तरी एक आई दाराशी थांबून राहिली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत तिने आमच्यातल्या एकीला विचारले, "ताई, माह्या पोरीले सिकल निघाला. दोन जागी बोलणं चालू होतं. एका जागेहून निरोप आला का आता नको. कोण करीन आता तिच्याशी लगन?"

आम्ही विचारले, "मावशी, त्या मुलाचा रिपोर्ट काढला होता का?"

ती आमच्याकडे पाहतच राहिली. "मुलाचा कायले?"

या वेळचे आरोग्यपान त्या 'कायले'चे उत्तर आहे. विदर्भातल्या आपल्या बहुतेक घरांनी सिकलसेल हा शब्द ऐकलेला आहे. पण तो आजार काय, वाहक म्हणजे कोण, आणि सोयरीक जुळवताना त्याचा विचार कसा करायचा, याबद्दल गैरसमज फार आहेत. त्या गैरसमजांची किंमत बहुतेक वेळा मुलीच मोजतात.

निवड कोण करते, काय पाहून करते

चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला. ज्या जिवाच्या अंगी परिस्थितीत तग धरण्याचा गुण आहे तो जगतो, त्याला पिल्ले होतात आणि तो गुण पुढच्या पिढीत जातो. पण मोराचा पिसारा या हिशेबात बसेना. एवढे ओझे घेऊन पळता येत नाही, शत्रूला ते लांबून दिसते, मग ते टिकले कसे? १८७१ साली लिहिलेल्या ग्रंथात डार्विनने त्याचे उत्तर दिले. पिसारा टिकला, कारण लांडोर पिसारा पाहून मोर निवडते. जोडीदाराच्या पसंतीमुळेही काही गुण पुढच्या पिढीत जातात आणि काही मागे पडतात. याला लैंगिक निवड म्हणतात.

जीवशास्त्रात प्रजननातले यश म्हणजे किती मुले जन्मली एवढेच नसते. त्यातली किती जगली, वाढली आणि त्यांना पुढे मुले झाली, हे मोजले जाते. आपल्या आजी-पणजीला हा हिशेब कोणी शिकवावा लागला नाही. आठ बाळंतपणे होऊन चार मुले हाती लागणे म्हणजे काय, हे त्यांनी भोगलेले आहे.

माणसातही जोडीदाराची निवड होतेच. आपल्याकडे ती पुष्कळदा मुलगा-मुलगी एकटे करत नाहीत, घर करते. पाहण्याच्या कार्यक्रमात काय पाहिले जाते ते आठवा. रंग, उंची, शिक्षण, नोकरी, घर स्वतःचे की भाड्याचे. काही घरांत अजून पत्रिकाही निघते. यातल्या एकाही गोष्टीवरून हे कळत नाही की या दोघांच्या मुलांचे रक्त कसे असेल. गोऱ्या कातडीखाली सिकलचे जनुक असू शकते, सावळ्या कातडीखाली नसू शकते. पहिलवान मुलगा वाहक असतो आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. ज्या गोष्टीचा मुलांच्या आयुष्याशी थेट संबंध आहे, तीच आपल्या निवडीत तपासली जात नाही.

एका अक्षराची चूक

आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. ते तांबड्या पेशींत असते आणि फुप्फुसातला प्राणवायू साऱ्या अंगाला पोचवते. हे प्रथिन कसे बांधायचे याची कृती जनुकांत लिहिलेली असते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

हिमोग्लोबिनची बीटा नावाची साखळी १४६ मण्यांच्या माळेसारखी असते. तिची कृती अकराव्या गुणसूत्रावर असते. सिकलच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेले असते, आणि त्यामुळे माळेतला सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढ्याने काय होते? प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून ताठ काड्या बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका आजारी विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याचे प्रथम छापले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि बदललेला मणी कोणता हे पुढे व्हर्नन इनग्राम यांनी शोधले.

चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडे-सांध्यांत असह्य कळा येतात. लहान बाळाचे हातपाय सुजतात, पाणथरी वाढते, वरचेवर ताप येतो.

आता तीन अक्षरजोड्या लक्षात ठेवा. रिपोर्टवर त्याच असतात.

एए : दोन्ही प्रती चांगल्या.

एएस : एक चांगली, एक सिकलची. हा वाहक. वाहक आजारी नसतो. चांगली प्रत पुरेसे काम करते. त्याला औषध लागत नाही, तो शेतात राबतो, पोलीस भरतीला पळतो, त्या आईच्या मुलीसारखा कॉलेजात जातो. फार कष्टाच्या वेळी पाणी भरपूर प्यावे, एवढीच काळजी.

एसएस : दोन्ही प्रती सिकलच्या. हा रुग्ण. याला आयुष्यभर उपचार आणि काळजी लागते.

एएस आणि एसएस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वस्तीत मात्र दोघांनाही 'सिकलवाला' म्हणतात. अर्धे नुकसान या एका शब्दाने होते.

हे जनुक आपल्यात आले तरी कसे

एवढे त्रासदायक जनुक निसर्गाच्या निवडीत केव्हाच गळून जायला हवे होते. एसएस मुले पूर्वी बहुतेक लहानपणीच जात. मग ते शतकानुशतके टिकले कसे?

उत्तर हिवतापात आहे. अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ मध्ये दाखवले की एएस मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीतच वाढतो आणि वाहकाच्या पेशीत त्याचे नीट जमत नाही. म्हणजे हिवतापाच्या मुलखात एए मूल तापाने जाई, एसएस मूल सिकलने जाई आणि एएस मूल जगे. तेच मोठे होई, त्याला मुले होत आणि जनुक पुढे जाई. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान आणि आपला मध्य भारत, जिथे जिथे हिवतापाचा जुना मुक्काम, तिथे तिथे हे जनुक सापडते.

भारतात त्याची नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. नागपूर भागातल्या लोकांत ते आढळल्याचे १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. पुढच्या पाहण्यांत विदर्भातले बौद्ध, गोंड, माडिया, परधान, आणि नंदुरबारकडचे भिल्ल, पावरा अशा अनेक समाजांत ते दिसले. काही समाजांत शंभरात दहा ते वीस, कुठे त्याहून जास्त माणसे वाहक आहेत. इतर समाजांतही ते आहे, प्रमाण कमी एवढेच.

तेव्हा कोणी म्हणाले की हा खालच्या रक्ताचा रोग आहे किंवा मागच्या जन्मीचे पाप आहे, तर त्याला सांगा, ही आमच्या पूर्वजांची ढाल आहे. धान पिकवणारी, जंगलात, तळ्याकाठी, डासांत राबणारी माणसे या ढालीने वाचली म्हणून आज आपण आहोत. आता हिवतापाला औषध आहे, मच्छरदाणी आहे. ढालीचा उपयोग उरला नाही, ओझे मात्र राहिले. (वाहकाला हिवताप होतच नाही असे नाही. मच्छरदाणी त्यालाही हवीच.)

दोन नाण्यांचा हिशेब

घरी मुलांना बसवून हा खेळ करा. एक रुपयाची दोन नाणी घ्या. एक आईचे, एक बापाचे. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे सिकलची. मूल होताना आई आपल्या दोन प्रतींपैकी एकच देते आणि बापही एकच देतो. कोणती जाईल ते कोणाच्या हातात नसते.

आई-बाप दोघेही एएस असतील तर दोन्ही नाणी उडवा. दोन्ही छापे पडले तर मूल एए. एक छापा, एक काटा पडला तर एएस. दोन्ही काटे पडले तर एसएस. पुष्कळ वेळा उडवून मांडले तर चार वेळांत साधारण एकदा दोन्ही काटे येतात. म्हणजे प्रत्येक गरोदरपणात शंभरात २५ शक्यता एसएसची, ५० एएसची आणि २५ एएची.

इथे एक चूक सर्रास होते. "पहिलं पोरगं सिकलचं झालं, आता पुढची तीन बरी होतील," असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. नाण्याला मागचे आठवत नाही. प्रत्येक वेळी खेळ नवा. एखाद्या घरात चारही मुले चांगली होतात, एखाद्या घरात लागोपाठ दोन एसएस होतात.

आता बाकीच्या जोड्या पाहा.

एक एए आणि एक एएस : मुले अर्धी एए, अर्धी एएस. एसएस एकही नाही.

एक एए आणि एक एसएस : सगळी मुले एएस. आजारी एकही नाही.

एक एएस आणि एक एसएस : प्रत्येक वेळी अर्धी शक्यता एसएसची.

त्या आईच्या मुलीचा रिपोर्ट एएस होता. तिने एए मुलाशी लग्न केले तर तिच्या पोटी सिकलचा रुग्ण जन्मणारच नाही. निरोप पाठवणाऱ्या घराने हे विचारलेच नाही. कदाचित त्यांचा मुलगा एए असेल आणि त्यांनी बिनधोक जोडी मोडली असेल. कदाचित तोच एएस असेल, आणि आता ते दुसऱ्या घरची, न तपासलेली मुलगी करतील, तीही एएस असेल. त्यांनी धोका टाळला असे त्यांना वाटते. खरे तर त्यांनी फक्त माहिती असलेली मुलगी नाकारली.

आणखी एक गोष्ट या नाण्यांतून दिसते. आजारी मूल आईच्या एकटीच्या प्रतीने होत नाही. बापाकडूनही काटा आल्याशिवाय एसएस होत नाही. मुलगी झाली की सुनेला बोल लावतात, तशातलाच हा प्रकार. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, आणि सिकलचे मूल दोघांच्या बीजावर.

नात्यातले लग्न आणि जातीची भिंत

आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्ने अजून होतात. घर माहितीचे, माणसे आपली, हुंड्याची ओढाताण नाही, ही त्याची बाजू आम्हाला समजते. पण हिशेब पाहा. समजा आजी वाहक आहे. तिच्या प्रत्येक मुलाकडे ते जनुक जाण्याची शक्यता अर्धी, नातवंडाकडे पाव. मामेबहीण आणि आतेभाऊ दोघांकडेही ते आजीकडून येण्याची शक्यता सोळात एक. शिवाय दुसऱ्या बाजूने येण्याची शक्यता वेगळी. घर जितके जवळचे, तितका तोच काटा दोघांकडे असण्याचा संभव अधिक.

खुद्द डार्विनने १८३९ साली आपल्या मामेबहिणीशी लग्न केले. त्यांना दहा मुले झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. नात्यातल्या लग्नामुळे तर मुले अशक्त झाली नाहीत ना, ही शंका त्याला छळत राहिली. १८७५ साली त्याच्या एका मुलाने, जॉर्जने, अशा लग्नांचा अभ्यासही केला.

जातीतल्या जातीत लग्न ही याच गोष्टीची मोठी आवृत्ती आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले होते की जात टिकते ती जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमावर. समाजाला त्याची किंमत काय पडली ते आपण जाणतो. रक्तालाही किंमत पडली. पिढ्यानपिढ्या लग्ने एकाच कुंपणात झाली की त्या कुंपणातली जनुके तिथल्या तिथेच फिरत राहतात. ज्या समाजात शंभरात वीस वाहक आहेत, तिथे डोळे मिटून जुळवलेल्या शंभर जोड्यांपैकी चारांत दोघेही वाहक निघण्याचा संभव असतो. जिथे शंभरात दोनच वाहक आहेत अशा समाजातला जोडीदार असेल, तर तसा संभव शंभरात अर्ध्या जोडीपेक्षाही कमी.

म्हणून आंतरजातीय लग्न केले की तपासणीची गरज नाही असे मात्र समजू नका. जनुक जातीचा दाखला मागत नाही. शिवाय थॅलसेमिया नावाचा दुसरा दोष आहे. तो सिंधी, पंजाबी, गुजराती अशा अनेक समाजांत आढळतो, आपल्यातही असतो. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलसेमिया आला तरी मूल आजारी होते. तपासणी प्रत्येक जोडीला हवी.

दोन गावांचा धडा

तपासणी झाली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. रिपोर्ट हाती आल्यावर समाज कसा वागतो यावर सारे अवलंबून आहे. जगात याची दोन उदाहरणे आहेत.

ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचे गाव आहे. जुना दलदलीचा, हिवतापाचा मुलूख. तिथे पाचांत एकाहून अधिक माणसे सिकलची वाहक होती. डॉक्टरांनी गाव तपासले, सगळ्यांना निकाल दिले आणि दोन वाहकांनी लग्न करू नये असा सल्ला दिला. काही वर्षांनी ते पुन्हा गेले तेव्हा दिसले की लोक निकाल लपवत होते, वाहकांची ठरलेली लग्ने मोडली होती, चांगल्या-वाईट अशा दोन पंक्ती पडल्या होत्या. आणि आजारी बाळे जवळजवळ पूर्वीइतकीच जन्मत होती. ज्याला कलंक लागला त्याने तो झाकला, आणि झाकलेल्या दोन माणसांची पुन्हा गाठ पडली.

सायप्रस बेटावर थॅलसेमिया फार होता. तिथे लग्न चर्चमध्ये लागत. १९८३ पासून तिथल्या चर्चने लग्नाआधी एक दाखला मागायला सुरुवात केली. त्या दाखल्यावर कोण वाहक आहे हे लिहिलेले नसते. दोघांची तपासणी झाली आहे आणि दोघांना सारे समजावून सांगितले आहे, एवढेच लिहिलेले असते. पुढचा निर्णय त्या दोघांचा. वाहक-वाहक जोड्यांपैकीही बहुतेकांनी लग्न केलेच, आणि गरोदरपणात तपासणी करून घेतली. नवी आजारी बाळे जन्मणे काही वर्षांत जवळपास थांबले.

दोन्हीकडे रक्त तपासले गेले. एकीकडे माणसावर शिक्का बसला, दुसरीकडे जोडीला माहिती मिळाली. आपल्या वस्तीने कोणत्या वाटेने जायचे, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

काय करायचे

लग्न ठरायच्या आधी. मुलगा-मुलगी अठरा-वीस वर्षांची झाली की, सोयरिकीची बोलणी निघण्याआधीच, दोघांनीही तपासून घ्यावे. सोल्युबिलिटी ही पहिली, झटपट होणारी चाचणी. तिच्यात सिकल आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे कळत नाही, थॅलसेमियाही कळत नाही. म्हणून पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करून घ्यावी. सिकलग्रस्त जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतून ही सोय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. आपल्या आशाताईंना विचारा. रिपोर्ट जपून ठेवा. जनुक बदलत नाही, त्यामुळे पक्की चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागत नाही.

मुलीचा रिपोर्ट मागाल तर मुलाचा आधी ठेवा. एकट्या एएसने कोणतेही लग्न मोडू नये. दोघेही एएस निघाले तर त्या दोघांनी मिळून समुपदेशकाला भेटावे. निकाल चारचौघांत सांगू नये. विहारात, महिला मंडळात नावे वाचून दाखवू नयेत.

लग्न झाले असेल तर. गरोदर बाईची तपासणी दवाखान्यात होते. ती एएस निघाली की नवऱ्याला बोलावतात, आणि पुष्कळदा नवरा येतच नाही. दादा, एक दिवसाची मजुरी बुडेल हे खरे. पण तुमच्या रिपोर्टाशिवाय तिच्या रिपोर्टाला अर्थ नाही. दोघेही वाहक असाल तर साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रात करता येते. म्हणून पाळी चुकताच नाव नोंदवा. गर्भलिंग पाहणे गुन्हा आहे, मात्र १९९४ चा तोच कायदा रक्ताच्या अशा आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची परवानगी देतो. निकालानंतर काय करायचे, हे कायद्याच्या मर्यादेत त्या आई-बापांनीच ठरवायचे. त्यांनी मूल ठेवले तर त्यांना बोलण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि नाही ठेवले तरीही नाही.

घरात एसएस मूल असेल तर. ते कोणाची चूक नाही. पहिल्या काही महिन्यांत गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते, म्हणून त्रास साधारण सहा महिन्यांनंतर दिसू लागतो. सगळ्या लसी वेळेवर द्या, न्यूमोकोकलची विसरू नका. लहान मुलांना डॉक्टर पेनिसिलिन देतात, ते मध्येच बंद करू नका. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. भरपूर पाणी, थंडी-उन्हापासून जपणूक. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळा येण्याचे प्रमाण घटते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यायचे असते. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. ताप १०१ अंशांवर गेला, श्वास लागला, पोट अचानक फुगले, हात-पाय किंवा तोंड वाकडे झाले, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. अंगारा, गंडा-दोरा यात गेलेला तास परत येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एसएस मुले शिकतात, नोकरी करतात, लग्नही करतात. जोडीदार एए असेल तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. एसएस बाईचे बाळंतपण मात्र मोठ्या दवाखान्यातच व्हावे, आणि हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मुलाचा विचार करण्याआधी नवऱ्याने किंवा बायकोने डॉक्टरांना विचारावे.

आम्ही त्या मावशींना दोन रुपयांची नाणी देऊन दाराच्या पायरीवरच हा हिशेब करून दाखवला. छापा, काटा, छापा, छापा. बराच वेळ त्या स्वतःच उडवून पाहत होत्या. मग नाणी परत देत म्हणाल्या, "म्हणजे पोरीत काई खोट नाई. जोडीचं पाहावं लागते."

एवढेच लक्षात राहिले तरी पुरे. त्यांच्या मुलीची दुसऱ्या जागी बोलणी चालू आहेत. या वेळी मावशींनी आधी मुलाचा रिपोर्ट मागितला आहे, आणि आपल्या मुलीचा न लपवता पुढे ठेवला आहे.